कार्मीनबायने मागितलेला आयतार

कार्मीनबाय तोंडाळ, असं अख्खी वाडी म्हणायची. खोटं कशाला बोला, होतीच ती तोंडाळ! लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली आणि दर आयतारी, रविवारची मिस्स-प्रार्थना आटोपली की इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या पडवीत पोरींना दोत्रीन शिकवायची. दहा आज्ञा, प्रार्थना, कुठलं पाप लहान नि कुठलं मोठं, सगळं त्यांच्याकडून घोकून घ्यायची.

एकच गोष्ट तिला शिकवता येत नव्हती. स्वतःला पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा ती माडाच्या मुळाशी मरणाची वाट बघत बसली होती. आपल्या पोरींवर तरी ती वेळ येऊ नये, एवढीच तिची इच्छा. अठ्ठावन्न सालच्या उपासाच्या दिवसांत ती पाद्री सांतान यांच्याकडे गेली.

"पाद्री, माका एक आयतार देवा. न्हाण म्हणजे काय, तां चेडवांका सांगतंय. भियान अर्धी होतत ती."

पाद्रींची नजर स्वतःच्या चपलांवर गेली. "इगर्जेत असले विषय? छे, छे! आया कशाला आहेत?"

ती आयांकडे गेली. आया म्हणाल्या, "ह्यां इगर्जेन सांगूचां. आमका खंय कोणी सांगल्यान? शिकलंव मगे!"

घ्या! इगर्जेने आयांकडे बोट दाखवायचं, आयांनी इगर्जेकडे, आणि पोरी आहेत तिथेच.

पावसाळा सरला आणि रोझारियोच्या मारियानला रक्त दिसलं. तेरा वर्षांची पोर. आईकडे जायचं सोडून ती गेली कुमसाराला, पाद्रींपुढे पापं कबूल करायला. "अंगातलां पाप भायर येता," एवढंच पुटपुटली. पाद्रींना वाटलं, पोरीच्या मनात वाईट विचार येतात. त्यांनी नेहमीचं प्रायश्चित्त दिलं: माळ जपत दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जा. ती गेली. चार दिवसांनी रक्त थांबलं. थांबणारच की! पुढच्या महिन्यात पुन्हा दिसलं, तशी ती पुन्हा गुडघ्यांवर.

पडवीत तिचे सोललेले गुडघे बघून कार्मीनबायने तिला बाजूला घेतलं आणि सगळं काढून घेतलं.

"गो बाय, तां पाप नाय! सगळ्या बायलांका येता. माकाव येय."

"मगे पाद्री खोटां सांगतलो? गुडघ्यांर गेल्यार थांबता गो. मियां बघलंय."

नुसतं कपाळ बडवायचं.

आणि हद्द बघा! फेस्ताच्या, इगर्जेच्या वार्षिक सणाच्या दिवशी पाद्रींनी भर मिस्सेत मारियानकडे बोट दाखवलं. "एवढीशी मुलगी, पण भक्ती बघा! दर महिन्याला गुडघ्यांवर येते. बाकीच्या मुलींनी शिकावं."

आया आपापल्या पोरींना ढोसू लागल्या. दोघी पोरी तर लगेच दाराशी जाऊन गुडघे टेकायला लागल्या. कार्मीनबायच्या डोक्यात तिडीक गेली. भरल्या इगर्जेत ती उभी राहिली आणि मारियानचं नाव न घेता ओरडली.

"चेडवांनो, आयका! म्हयन्याचां रगत पाप नाय! देवानच दिलेलां आसा तां!"

पुरुषांनी माना खाली घातल्या. आयांनी पोरींचे दंड धरले आणि त्यांना फरफटत बाहेर नेलं. जिच्या-जिच्यासाठी कार्मीनबाय बोलली, त्यातली एकही समोर उरली नाही.

मारियान तेवढी राहिली. तिने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते. थोड्या वेळाने हात काढले, दाराशी गेली, गुडघे टेकले आणि वेदीकडे सरकू लागली. कानांवर पडलं होतं, त्याचंही पाप फेडायला.