भोईरकाकांचा गेमिंग पीसी

"लाइट नाय टाकनार?" भोईरकाकांनी पुन्हा विचारलं. "पोऱ्याच्या कॉम्प्युटरमधी सगले लाइट हायेत. पंखे पन चमकतात."

"काका, लाइटनं गेम चालत नाही. लाइटचे पैसे मी तुमच्या ग्राफिक्स कार्डात घालते."

त्यांना ते पटलेलं नव्हतं.

कोपरखैरण्यात माझं असेम्ब्लीचं छोटं दुकान आहे. त्याआधी मी महापेच्या एका कंपनीत हार्डवेअर सर्व्हिसला होते. कंपनीनं डिपार्टमेंट बंद केलं तेव्हा दुकान टाकलं. लोक बजेट सांगतात, मी त्यात बसणारे पार्ट निवडते, मशीन जोडते, टेस्ट करून देते. गेमिंगवाली गिऱ्हाइकं बहुतेक कॉलेजची असतात. भोईरकाका साठी ओलांडलेले, घणसोली गावातले, तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीतून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. मला वाटलं, नातवासाठी घेत असतील. तर नाही. त्यांना स्वतःला खेळायचं होतं.

कारण होतं मुलगा. निलेश कॅनडाला, सॉफ्टवेअरमध्ये. फोनवर 'जेवलात का, तब्येत बरी ना, ठेवतो' एवढंच. पण मित्रांबरोबर तो एक गोळीबाराचा गेम खेळतो, हेडफोन लावून, तासन्‌तास. मागे सुट्टीला आला होता तेव्हा काकांनी ते दारातून पाहिलं.

"फोनवर बोलाला त्याच्याकरं काय नसतं," ते मला म्हणाले. "गेममधी बोलतो. हसतो पन. मना तिथं जायचा हाय."

गेमचं नाव त्यांनी अगदी बरोबर उच्चारलं. घरून पाठ करून आले होते.

बजेट साठ हजार, मॉनिटर धरून. एवढ्यात गेमिंग पीसी बसवायचा म्हणजे प्रत्येक पार्टाला दुसऱ्या पार्टाच्या पोटातून काढून द्यावं लागतं. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. गेममध्ये काम जास्त कार्डाला असतं, म्हणून मोठा वाटा त्याचा. प्रोसेसर मधला घेतला, महागड्याची त्या गेमला गरजच नव्हती. रॅमचे भाव त्या वेळी डोक्यावरून गेले होते, तरी त्यात हात आखडला नाही. कॅबिनेट साधं पत्र्याचं. एसएमपीएस मात्र चांगल्यातला. हा सगळ्या पार्टांना वीज वाटून देणारा डबा. तो हलका टाकला तर एक दिवस बाकीचं सगळं घेऊन जातो. दुकानदार पैसे इथेच खातात, कारण गिऱ्हाईक हा डबा बघत नाही.

सगळं जमलं. मग मी जे सांगायचं ते सांगितलं.

"काका, एक गोष्ट माझ्या हातात नाही. निलेश कॅनडाच्या सर्व्हरवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर खेळणार. तुम्ही इथे बटण दाबलं की तो निरोप कॅनडापर्यंत जाणार आणि परत येणार. त्या वेळेला पिंग म्हणतात. तुम्ही गोळी झाडेपर्यंत समोरचा तुम्हाला मारून पुढे गेलेला असेल. कितीही महाग कॉम्प्युटर घेतला तरी हे असंच राहणार."

"मेलो तर मेलो," ते हसून म्हणाले. "आवाज तर येईल ना त्याचा?"

"आवाज येईल."

"मग झाला तर."

मशीन लावायला मी स्वतः गेले. राउटरपासून टेबलापर्यंत लॅन केबल ओढली, वायफायवर सोडलं नाही. चालण्याची चार बटणं कुठली ते लक्षात राहावं म्हणून काकूंनी त्यांवर आपल्या लाल टिकल्या चिकटवल्या. काका चष्मा कपाळावर ढकलून, जीभ दातात धरून सराव करायला बसले. भिंतीला धडकत होते, छतावरून पडत होते. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. निघताना त्यांनी मला सुक्या बोंबलांची पिशवी दिली.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. सकाळी सातला बसतात, तिकडे रात्र असते. निलेशच्या मित्रांनी त्यांना 'अंकल' नाव ठेवलंय. "काल पोऱ्या मना वराडला, 'बाबा, मागं बघा, मागं!'" हे सांगताना ते इतके खूश होते की मीही दुकानात एकटीच हसले.

नंतर फोन आला तो निलेशचा. नंबर बाहेरच्या देशाचा.

"मॅडम, तुम्ही बाबांना काय मशीन दिलंय? सगळं लॅग होतंय."

लॅग म्हणजे खेळ अडकत चालणं. मी म्हटलं, "मशीन मी टेस्ट करून दिलंय. तुमच्या गेमला लागतं त्याच्यापेक्षा जास्त पळतंय. हा पिंगचा प्रॉब्लेम आहे. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, तुम्हाला मी काय सांगायचं."

त्याचा आवाज खाली आला.

"माहितीये मला. मॅडम, खरं सांगू का? ही आमची चौघांची टीम आहे. बाबा आले की एकाला बाहेर बसावं लागतं. आणि आम्ही रोज हरतो. मित्र काही बोलत नाहीत, पण मला कळतं ना. बाबांना 'नका येऊ' कसं सांगू? म्हणून त्यांना म्हटलं, मशीन कमी पडतंय. तुम्ही पण तसंच सांगा ना त्यांना. म्हणजे विषय संपेल."

माझ्या दुकानाचं नाव खराब करून त्याला विषय संपवायचा होता.

"मी असं सांगणार नाही," मी म्हटलं. "त्यापेक्षा तुम्ही आठवड्यातून एकदा इकडच्या सर्व्हरवर या. मग काका नीट खेळतील."

"मग मला लॅग येईल."

"हो. तुम्हाला येईल."

"मॅडम, लॅगमध्ये खेळायला मजा नाही येत."

मग बिनघाईचा एखादा गेम घ्या दोघं, पत्त्यांचा घ्या, असंही मी सुचवलं. तो 'बघतो' म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत बसले.

दोन-तीन दिवसांत काका दुकानात हजर. कॅबिनेट रिक्षात घालून आणलेलं.

"मॅडम, कार्ड हलका परला. पोऱ्या बोलतो, मोठा टाका."

मी मशीन त्यांच्यासमोर लावलं. आधी इकडच्या सर्व्हरवर खेळून दाखवलं, लोण्यासारखं पळालं. मग कॅनडाच्या सर्व्हरवर गेले. तेच मशीन, तेच कार्ड, आणि माझ्या हातातसुद्धा खेळ अडकायला लागला.

"बघितलंत? कार्ड तेच आहे. फरक फक्त अंतराचा."

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पोऱ्या त्यातलाच शिकलेला हाय. त्याला म्हायती नसंल?"

यावर माझ्याकडे एक उत्तर होतं. निलेश जे बोलला ते जसंच्या तसं. पण समोर काका उभे होते, कॅबिनेटला घरची चादर गुंडाळून आणलेले. मी एवढंच म्हटलं, "त्याचा अंदाज चुकला असेल. मोठं कार्ड घेऊ नका, काका. पैसे वाया जातील. मी विकणार नाही."

"तुमाला आपली चूक झाकायची हाय," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, ते जास्त लागलं. चादर परत गुंडाळून गेले.

वाशीच्या एका दुकानात त्यांना हवं ते मिळालं. तिथल्या माणसानं विचारलंही नाही कशासाठी पाहिजे. माझं कार्ड पडत्या भावात काढून घेतलं आणि नवीन, जवळजवळ आख्ख्या जुन्या मशीनच्या किमतीचं बसवलं. ते चाललं, कारण एसएमपीएसमध्ये मी जागा ठेवली होती. हलका डबा असता तर त्याच दिवशी धूर निघाला असता. हे मला कळलं ते घणसोलीतल्याच एका गिऱ्हाइकाकडून. तो प्रिंटर घ्यायला आला होता, म्हणाला, "भोईर बोलतात, त्या बाईकडे जाऊ नका, फसवते." त्या गावातून माझ्याकडे महिन्याला चार मशीनं येत होती. ती बंद झाली.

पाऊस संपता संपता काका आले. हातात एक खोकं, त्यात ते महागडं कार्ड.

"हा विकाचा हाय. वाशीवाला घेत नाय, बोलतो जुना झाला."

"का विकताय?"

"पोऱ्याने तो गेम सोरला. मित्र पन नाय खेलत आता, बोलला. दुसरा कायतरी हाय, त्यात चौघंच लागतात."

निलेशनं तो गेम खरंच सोडलाय की नाही, मला माहीत नव्हतं. गेमच्या दुनियेत कोण ऑनलाइन आहे हे बघणं अवघड नसतं. मी बघितलं नाही.

कार्ड टेस्टला लावलं. चांगलं होतं, जेमतेम वापरलेलं. मी भाव सांगितला, मला परवडेल त्यापेक्षा थोडा वरचाच. काकांनी घासाघीस केली नाही. पैसे खिशात ठेवले आणि उठता उठता म्हणाले, "तुमी पयलाच मोठा कार्ड टाकला असतात ना मॅडम, तर पोऱ्या खेलला असता माझ्याबरोबर."

निलेशचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो काय बोलला होता तेही मला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

"हो काका," मी म्हटलं. "असेल तसं."

ते गेले. घणसोलीतलं गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही.

आता कोणी गेमिंग पीसीचं बजेट घेऊन आलं की मी गेमच्या नावाबरोबर आणखी एक विचारते, कोणाबरोबर खेळणार आणि तो राहतो कुठे. समोरचा म्हणाला परदेशात, तर मी पार्ट काढण्याआधी म्हणते, त्याला आधी फोन करा आणि विचारा, तुमच्यासाठी तो इकडच्या सर्व्हरवर येईल का. बरेच जण 'विचारून येतो' म्हणून जातात. परत फार थोडे येतात. धंद्याला हे परवडत नाही, पण मी विचारते.