सौदीचं कार्ड आणि पोरीचा कान

महाडला दर गुरुवारी बाहेरगावचे एक कानाचे डॉक्टर येत. त्यांच्या कंपाउंडरच्या टेबलावर मी माझं सौदीचं कार्ड ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, पत्त्यांच्या डावात हुकमाचा एक्का टाकावा तसं टाकलं. हिरवं, चकचकीत प्लास्टिकचं कार्ड, त्यावर टाय घातलेला माझा फोटो. टाय फोटोवाल्याचा होता आणि खाली लुंगी होती, पण ती काही फोटोत आली नव्हती.

कंपाउंडरने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. एका अंगाला अरबी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.

"हे कसलं हो?"

"मेडिकलचं. आमच्या कंपनीचं. हे दाखवलं की पैसे लागत नाहीत."

"कोणाला?"

"मला."

"आणि पेशंट कोण?"

मी शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे बोट दाखवलं. सहा वर्षांची, उजव्या कानात कापसाचा बोळा.

"मग चाचा, तुम्हीच आजारी पडा की," कंपाउंडर म्हणाला. "तेही इथे नाय, तिकडे जाऊन."

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. हा किस्सा मी घरात अजून सांगतो, कंपाउंडरच्या आवाजाची नक्कल करून. ईदला पुतणे, भाचे जमले की फर्माईशच होते. मी मात्र तो इथवरच सांगतो. आणि मी सांगायला लागलो की बायको उठून चहा ठेवायला जाते. एवढा चहा आमच्या घरात कोणी पीत नाही.

पुढचं आज लिहितो.

सौदीला जायच्या आधी मी बिरवाडीजवळच्या एका केमिकल कारखान्यात टेम्पो चालवत होतो. पर्मनंट होतो. तिथे कामगाराबरोबर त्याच्या बायकापोरांचाही विमा असे. पोरीच्या जन्माच्या वेळी बायकोचं सिझर झालं, ते सगळं त्यातच निघालं. पोरगी चार वर्षांची झाली आणि मला आखाताचं वारं लागलं. गावात ज्यांच्या घरचं कोणी तिकडे होतं त्यांच्या घरांवर स्लॅब पडले होते, आमच्या घरावर कौलं होती. मी राजीनामा दिला. सहकाऱ्यांनी हार घातला, साहेबांनी हात मिळवला. नोकरी माझी सुटली, आणि त्याच दिवशी विमा पोरीचाही सुटला. हे मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं मला सुचलं नाही. मी स्लॅब मोजत होतो.

तिकडे गेल्यावर ते हिरवं कार्ड मिळालं. माझ्यासारख्या माणसाला अशी वस्तू मिळू नये. आयुष्यात मी कधी दाताच्या डॉक्टरकडे गेलो नव्हतो, तिथे दोन दाढा भरून घेतल्या. चष्मा लागला नव्हता, तरी डोळे तपासून घेतले. एकदा कान जड वाटले म्हणून गेलो, तर एका फिलिपिनी नर्सने कोमट पाण्याची पिचकारी मारून दोन्ही कानांतला मळ काढला. मळ एवढा निघाला की तिने तो मलाच दाखवला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी घरी फोन करायचो, तेव्हा ही मळाची हकिगत मी बायकोला रंगवून सांगितली.

आमच्या गावात फोन नव्हता. बायको पोरीला घेऊन पोलादपूरच्या स्टँडजवळच्या बूथवर येऊन बसायची. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पोरीचा उजवा कान वाहतोय. वास पण येतोय."

"नदीत डुंबत असेल. पाणी जाऊ देऊ नको," मी म्हणालो.

पुढच्या वेळी म्हणाली, "लसणीचं तेल घातलं, थेंब घातले, थांबत नाय. डॉक्टर म्हणतात, मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

"दाखवू. मी आलो की दाखवू."

अगदीच काही केलं नाही असं नाही. कंपनीच्या ऑफिसात केरळचा एक क्लार्क होता. त्याला मी विचारलं, माझ्या पोरीचं नाव या कार्डावर चढेल का? तो भला माणूस होता. हसला, पण दार लावून हसला. म्हणाला, "ज्यांची फॅमिली इथे आहे त्यांना मिळतं. आणि फॅमिली आणायचा व्हिसा ड्रायव्हरला मिळत नाही. तुझी मुलगी इथे असती तर कंपनीची. तिथे आहे, तर तुझी."

बिरवाडीत सुटली होती, इथे धरली जात नव्हती. मधे अरबी समुद्र होता, आणि त्याचा विमा कोणी उतरवत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. खोलीतल्या माणसांना मी ते ऐकवलंही.

फोनवर पोरगी बोलेनाशी झाली. बायको रिसीव्हर तिच्या कानाला लावायची आणि मी विचारायचो, "काय आणू गो तुला?" उत्तर नाही. "अब्बाशी बोलत नाय?" उत्तर नाही. एका शुक्रवारी मी चिडलो. लाईनीत मागे माणसं उभी होती, त्यांच्यादेखत ओरडलो, "बापाला विसरली काय? आईने हेच शिकवलं काय?" बायकोने फोन घेतला. म्हणाली, "लाजते ती." आणि ठेवून दिला.

दोन वर्षांनी मी सुट्टीवर आलो. वीर स्टेशनला उतरलो, रिक्षात खोकी रचली आणि वरातीसारखा गावात शिरलो. पोरीला बोलकी बाहुली आणली होती. पोट दाबलं की गायची. पोरीने पोट दाबलं आणि बाहुली डाव्या कानाला लावली. खुलली. मग उजव्या कानाला लावली. पुन्हा दाबलं. हलवली. आणि माझ्या हातात परत दिली.

"अब्बा, ही या बाजूने बिघडलीय."

बाहुली माझ्या हातात गात होती. बायको दारात उभी होती. फोनवर रिसीव्हर पोरीच्या कुठल्या कानाला लागायचा हे मी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

तर असे आम्ही त्या गुरुवारी महाडला गेलो. कार्ड खिशात का घातलं, देव जाणे. ते कार्ड तिथे चालणार नाही एवढी अक्कल मलाही होती. पण रिकाम्या हाताने जाववेना.

डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोरीला बाहेर पाठवलं.

"हा कान आता ऐकण्यासाठी राहिलेला नाही," ते म्हणाले. "आतलं हाड सडतंय. ऑपरेशन करायचं ते कान परत मिळावा म्हणून नाही, सडणं मेंदूकडे जाऊ नये म्हणून. सुरुवातीला आणली असती तर औषधांवर भागलं असतं."

"साहेब, मी तिकडे होतो."

"कान इकडे होता ना," ते म्हणाले. रागाने नव्हे. चिठ्ठी लिहिता लिहिता.

खाजगीत करायचं तर आमच्याकडे पैसे नव्हते. यावर कोणाचा विश्वास बसेना. सौदीवाल्याकडे पैसे नाहीत? कमाई होती ती व्हिसा काढून देणाऱ्या एजंटाच्या आणि डोक्यावर पडलेल्या स्लॅबच्या पोटात गेली होती. होय, स्लॅब पडला होता. त्याखाली बसून पोरगी कापसाचा बोळा बदलून घेत असे. शेवटी मुंबईच्या सरकारी इस्पितळात नाव घातलं. तिथल्यांनी तारीख दिली ती माझी सुट्टी संपल्यानंतरची. मी हात जोडले. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आधी ज्यांची पोरं आहेत, त्यांनीही जोडलेत."

थांबलो असतो तर व्हिसा गेला असता, आणि मग कार्डही नाही आणि पगारही नाही. मी गेलो. निघताना पोरीने सांगितलं, "अब्बा, फोन या कानाला लावीन," आणि डावा कान धरून दाखवला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

ऑपरेशनला बायको आणि तिचा भाऊ होते. सडकं हाड काढलं. पोरगी वाचली. ऐकू येण्याचं जे होतं ते गेलंच, आणि कानामागे एक खोल खळगा राहिला. तेव्हापासून वेणी घालताना बायको त्यावर केस ओढून घेते.

त्याच महिन्यात कंपनीने आम्हा जड वाहनांच्या ड्रायव्हरांची तपासणी काढली. मला काचेच्या एका खोलीत बसवलं आणि कानांवर जाड पॅड लावले. बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. आत इतकी शांतता होती की स्वतःची नाडी ऐकू येत होती. टूं. दाबलं. आणखी बारीक टूं. दाबलं. डासाहूनही बारीक आवाज मी सोडला नाही. उजवा कान झाला, डावा झाला. त्या उजव्या कानाच्या वेळी बटणावरचा अंगठा नीट दिसेना, पण डोळे काही त्या दिवशी तपासायचे नव्हते. बाहेरच्या माणसाने पाठ थोपटली. एकदम फर्स्टक्लास, म्हणाला, तरुण माणसाचे कान आहेत.

शुक्रवारी फोन लावला. पोरगी डाव्या कानाला धरून बोलली, टाके काढले म्हणाली, मामाने उसाचा रस पाजला म्हणाली. मग बायको आली. मी जे नेहमी करतो तेच केलं. किस्सा सांगितला. काचेची खोली, पॅड, टूं.

"दोन्ही कान एकदम चांगले हायत म्हणाले."

पलीकडे कंडक्टरची घंटा वाजली, एक एसटी सुटली. बायको ती जाईपर्यंत थांबली.

"चांगले हायत ना?" ती म्हणाली. "मग येवढे दिवस मी इथून कोणाला सांगत होते?"