पप्पांच्या गाडीतला टर्बो

माझा धाकटा भाऊ दानियल गेला, तो मंगळवार होता.

आज पप्पांची गाडी फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं. तापलेल्या ऑइलच्या वासाने मला श्रीरामपूरच्या एका जुन्या रविवारी नेऊन सोडलं.

पप्पांनी दानियलला बजावलं होतं, "हिच्यात फेरफार केलास तर पुन्हा चावी मिळायची न्हाई." त्याने बाहेरून काहीच बदललं नाही. दारावरचा पोचा आणि आईने शिवलेली सीटकव्हरंही तशीच ठेवली. आत मात्र इंजिनात जोराने हवा कोंबणारा टर्बो बसवला. हे फक्त मला ठाऊक होतं.

त्या दिवशी चर्चमधून परतताना पप्पा चालवत होते. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या. जुनं इंजिन एरवी पटकन वेग घेत नसे, म्हणून सवयीने त्यांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. आधी काहीच झालं नाही. मग बारीक शीळ आली, आम्ही सीटला चिकटलो, आईच्या मांडीवरचं गीतपुस्तक खाली पडलं आणि ट्रॉल्या मागे गेल्या. दानियलने डोळे मिटून घेतले.

"काय केलंस रं हिला?"

"प्लग बदलले, पप्पा."

"लई चांगले प्लग हायत," म्हणत पप्पांनी घराचं वळण सोडून गाडी सरळ पुढे नेली.

"अवो, मटण शिजायचंय अजून," आई म्हणाली.

"शिजंल."

तेव्हा वाटलं, दानियलने पप्पांना फसवलं. आता वाटतं, पप्पांना ती चावी काढून घ्यायचीच नव्हती.

गाडी दारात आहे. रविवारी मी चालवते, पप्पा शेजारी बसतात. पुढे ट्रॉली दिसली की म्हणतात, "दाब."