टेबलावर धडधड उठेना

जास्त गोड चहाची मला शिसारी आहे. कोणी प्रेमाने आणून दिला तर जास्तच.

मूर्तिजापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे यायच्या. त्या वर्षांत गावोगावी शेतकरी जीव देत होते, आणि ज्याच्या नावावर चार एकर जमीन असेल त्याच्याकडे घरचेच 'हाही काही करून बसेल' अशा संशयाने पाहायचे. माझ्या नावावर पाच होती. त्यात मला धडधड सुरू झाली. वाकून मोटार उचलली की एकदम, बटण दाबल्यासारखी. मिनिटाला दोनशे ठोके, गळ्यातली शीर उडतेय, डोळ्यांपुढे अंधारी. पंधरा-वीस मिनिटांनी तशीच एकदम बंद. ऑटोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत मी ठणठणीत आणि ईसीजी नॉर्मल.

"टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणायचे आणि माझा मोठा भाऊ मान हलवायचा. एकदा एक समुपदेशक घरी आले. माझा हात हातात धरून त्यांनी आयुष्य किती सुंदर आहे ते अर्धा तास सांगितलं. त्यांचा तळवा घामट होता. ज्या पाहुण्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते आता हळू आवाजात माझी चौकशी करत. मी अजून जिवंत होतो आणि ही मंडळी सांत्वनाला येत होती. किळस यायची, दुसरा शब्द नाही.

तीन वर्षांनी अकोल्यात बाजाराला गेलो असताना धडधड उठली आणि नशिबाने लांबली. दवाखान्यात ती पहिल्यांदाच कागदावर सापडली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मनाचं नाही. तुमच्या हृदयात विजेची एक जास्तीची वाट आहे." त्यांनी सुरू केलेल्या गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. मग अमरावतीला पाठवलं. तिथे महिन्यातून एकदा नागपूरहून एक डॉक्टर यंत्र घेऊन यायचे. त्यांनी भावासमोरच समजावलं: मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयात न्यायच्या, धडधड मुद्दाम उठवायची, ती चालू असताना आतली एकेक जागा तपासून संगणकावर हृदयाचा नकाशा काढायचा आणि ती वाट सापडली की तेवढीच जाळायची. मला लगेच पटलं. मीही बिघाड शोधायला मोटारीत करंट सोडतोच.

"मात्र पाच दिवस आधी गोळ्या बंद," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर धडधड उठायचीच नाही."

त्या पाच दिवसांत भाऊ दुकानात चहा घेऊन येऊ लागला. ज्याने जन्मात कोणाला पाण्याचा गिलास दिला नाही, तो सकाळ-संध्याकाळ चहा आणी. पाकासारखा गोड. कप रिकामा होईपर्यंत समोर बसून राही. मला वाटलं, भावाला पाझर फुटला.

ऑपरेशनच्या टेबलावर दोन तास गेले. विजेचे ठोके देऊन पाहिले, सलाइनमधून औषध सोडून पाहिलं. जी धडधड तीन वर्षं नको तिथे उठली, ती उठेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नक्की बंद केल्या होत्या?"

"मी काय लहान पोर आहे?" मी चिडून म्हणालो.

बाहेर आल्यावर भावाला हे सांगितलं, तर तो माझ्याकडे पाहीना. मग म्हणाला, "चहात देऊन राहिलो होतो. कुटून."

"काहून?"

"गोळी बंद झाली अन् तू काही करून बसला असता तं? टेन्शनची गोळी हाय ते."

"हृदयाची हाय, भाऊ! किती डाव सांगू?"

गोळी पोटात गेल्याचं मला काही वाटलं नाही. पण पाच दिवस हा समोर बसून माझा घोट न् घोट मोजत होता, याची शिसारी बसली. महिनाभर मी घरच्या चहाला हात लावला नाही. पाणीसुद्धा स्वतः भरून पीत होतो.

पुढच्या खेपेला तिसऱ्या प्रयत्नात धडधड उठली. "आली!" मी टेबलावरून ओरडलो, लग्नाची वरात आल्यासारखा. पडद्यावर हृदयात रंग भरत गेले. डॉक्टरांनी जागा शोधली, जाळली, आणि काही सेकंदांत छातीत शांत झालं. नंतर त्यांनी तिला पुन्हा पुन्हा उठवून पाहिलं. उठली नाही.

संध्याकाळी वॉर्डात त्यांनी आम्हाला त्या नकाशाचं चित्र दाखवलं. ते गेल्यावर मी भावाला म्हणालो, "पाह्यलं? हे होतं. टेन्शन नव्हतं." तीन वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून ठेवलं होतं.

भावाने चित्र खाली ठेवलं. "बरं. हे झालं. आता खरं सांग. काही करून बसायचं मनात कदीच आलं नाई?"

सगळे तसं धरूनच चालले होते. विचारलं मात्र कोणीच नव्हतं. मी फटकारायला तोंड उघडलं, आणि 'नाही' म्हणता येईना.

"आलं होतं," मी म्हणालो. "दोन डाव."