आत्याच्या नावाचा चेक

वडिलांनी विमा उतरवला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. पिंपरीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एजंट आला, "तुमच्यामागे पैसे कुणाला?" असं त्याने विचारलं, आणि वडिलांनी थोरल्या बहिणीचं नाव सांगून टाकलं. पुढे लग्न झालं, मी झालो. नाव बदलायचं काही त्यांना सुचलं नाही. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. कंपनीचं क्वार्टर सोडायचं होतं, निगडीत घ्यायच्या दोन खोल्यांची सगळी भिस्त विम्यावर, आणि विमा चाकणच्या आत्याच्या नावावर!

हरकतीचा अर्ज मीच लिहिला. कॉलेजच्या नाटकात बक्षीस मिळवलेला माणूस मी! 'अभागी विधवेच्या तोंडचा घास' वगैरे असं काही लिहिलं, की मलाच हुंदका आला. आईने न वाचता सही केली.

विमा कचेरीतल्या साहेबांनी तो अर्ज आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आत्या दारात.

"मी घास काढनारी व्हय गं?"

"तसं नाही हो वन्सं. फक्त हक्क सोडल्याची सही द्या."

"न्हाई द्यायची! बापानं जमिनीला नाव लावलं न्हाई, सासऱ्यानं लावलं न्हाई. भावानं लावलं, ते मी खोडू? पैसं मीच उचलनार आन तुला आनून देनार. इस्वास असंल तर अर्ज माघारी घे."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अर्ज मागे घेतला. "गेले पैसे," शेजारी म्हणाले.

आत्याला चेक मिळाल्याचं कळलं, आणि पुढे पंधरा दिवस तिचा पत्ता नाही. आई आमटीत दोनदा मीठ घालू लागली. मी मनात दुसरा अर्ज रचत होतो. त्यात 'विश्वासघात' हा शब्द तीनदा होता.

मग एका सकाळी आत्या आली आणि सगळे पैसे तिने आईच्या ओटीत घातले.

"इतके दिवस कुठे होतात?"

"चेक दावायला नको? कांदाबाजारात समद्या आडत्यांकडनं वाचून घेतला. माझंच नाव हाय म्हनले! ब्यांकेत टाकायला जीवच व्हईना."

आई हसता हसता रडायला लागली. "मनातल्या मनात खूप बोलले हो मी तुम्हाला."

"मनात कशाला? म्या तर एष्टीत मोठ्यानं बोलले. निम्म्या चाकनला ठावं हाय, तू कसली हायेस ते!"