घरमालकीणबाई आणि टाकीतले ‘ते’

अख्ख्या सोलापुरात आमच्या घरमालकीणबाईंना न भिणारा जीव मी एकच पाहिला, आणि तो मासा होता. बाकी दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, गल्लीतली कुत्री, झालंच तर मी, सगळेच त्यांच्या दारावरून जाताना आपली चाल थोडी सभ्य करत असू. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरी विचारली नाही की गाव विचारलं नाही. "रात्री नळ टपकायला लागला तर उठता का तसंच पडून राहता?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, उठतो. "डोळ्यात बघून सांगा की." तसं सांगितलं आणि खोली मिळाली. किल्ली देताना ताकीदही मिळाली, "फुडच्या खोलीत जाऊ नका. ते रागावलेत."

घरात यजमान आहेत, अशी माझी समजूत झाली. त्या बंद दारावरून मी कितीतरी दिवस चपला हातात घेऊन जात होतो. "त्यांना आज भूक न्हाय", "ते मघापासनं भिंतीकडं तोंड करून बसलेत", असं कानावर यायचं आणि मला त्या गृहस्थांची काळजी वाटायची. मग एकदा दार उघडं राहिलं. खरे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. ‘ते’ म्हणजे काचेच्या लांबलचक टाकीतला फ्लॉवरहॉर्न जातीचा मासा. अंगानं लालबुंद, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि चेहऱ्यावर रेशनच्या रांगेत कुणीतरी मध्येच घुसल्याचा कायमचा संताप.

यजमानांचे घरामागे यंत्रमाग होते. ते गेल्यावर माग विकले, आणि जन्मभर खटखटीत झोपलेल्या बाईंची झोपच उडाली. "शांततेनं डोकं दुखतंय माझं," असं त्या डॉक्टरला सांगून आल्या. कुणीतरी सुचवलं, माशांची टाकी घ्या, तिचा पंप गुरगुरत असतो. बाई दुकानात गेल्या आणि एकेका टाकीवरून बोट फिरवत चालल्या. देखणे देखणे मासे कोपऱ्यात पळाले. एकच बोटाएवढं पिल्लू धावून आलं आणि काचेवर आपटलं. "हा आमचा," बाई म्हणाल्या. दुकानदारानं हात जोडले. "मावशी, हा वीतभर वाढतो, वर लई तापट. छोट्या टाकीत कोंडू नका, आणि ह्याच्यासंगं दुसरा मासा ठेवू नका." पहिली अट त्यांना तत्काळ पटली. पोराला चप्पल वाढत्या मापाचीच घ्यावी, हे त्यांचं जुनं मत. भरलेली टाकी म्हशीएवढी जड होते म्हटल्यावर त्यांनी विकायच्या राहिलेल्या मागाचं लोखंड तोडून त्याचा स्टँड करून घेतला. तो आजही घरापेक्षा मजबूत असावा.

टाकी त्यांनी मोठ्या हौसेनं सजवली होती. शिंपले, प्लास्टिकची झाडं, चिनी मातीचं छोटं देऊळ. माशानं एका दिवसात झाडं उपटली, देऊळ उताणं केलं आणि सगळी वाळू एका बाजूला लोटली. बाईंनी निमूटपणे सामान काढून घेतलं. गल्लीनं त्यांचा निमूटपणा पाहिलेला तो पहिलाच. मासा उडी मारतो म्हणून टाकीवर जाळी आली आणि जाळीवर लोखंडी इस्त्री. नळाला पाणी येई त्या दिवशी पहिलं पिंप ‘त्यांच्या’साठी भरायचं, औषधाचा वास उडेपर्यंत ते मुरवून ठेवायचं, आणि टाकीतलं जुनं पाणी कढीपत्त्याला जायचं. तसा कढीपत्ता मी दुसरीकडे पाहिला नाही.

दुसरी अट मात्र त्यांनी मोडलीच. "एकट्याला करमत नसंल," म्हणून त्याच्याच जातीची मादी आणली. पाच मिनिटांत तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. बाईंनी चहाच्या गाळण्यानं तिला बाहेर काढलं, स्वतः रिक्षात बसून बादलीतून दुकानात परत पोहोचवलं, आणि येऊन टाकीसमोर उभ्या राहिल्या. "तुमचंच खरं. नको कुनी." हे मला सांगितलं की त्याला, ते कळलं नाही.

पलीकडच्या घरात त्यांच्या जाऊबाई एकट्याच राहायच्या. मधे कमरेएवढी भिंत होती. माग वाटून घेतले तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघींनाही नीट सांगता येत नसे, पण भांडण मात्र चोख चालू होतं.

मेच्या एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. पंखा थांबला त्याचं काही नाही, पाण्यात हवा सोडणारा टाकीचा पंप थांबला. पाणी तापत चाललं. तास-दोन तासांत तो एवढा गुंड वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. बोट नेलं तरी वळेना. बाई तांब्यानं टाकीतलंच पाणी उंचावरून परत टाकीत ओतत होत्या. हात भरून आले की तांब्या माझ्याकडे देत. तिसऱ्या खेपेला त्यांचे डोळे भरलेले दिसले. मी खाली बघितलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "काय झालंय हो? मघाधरनं पानी वाजतंय नुसतं."

"तिला सांगा, काय झालं न्हाय," बाई मला म्हणाल्या.

मी भिंतीपाशी जाऊन सगळं सांगून टाकलं.

"इन्व्हर्टर हाय माझ्याकडं. वायर टाकू का, इचारा तिला."

विचारायची गरजच नव्हती, दोघींनाही सगळं ऐकू येत होतं. बाई माशाकडे बघत राहिल्या. मग बाहेर आल्या आणि मला बाजूला सारून भिंतीशी उभ्या राहिल्या.

"टाक वायर," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "आन् तूबी ये. एकटीला बघवत न्हाय मला."

जाऊबाई वायर घेऊनच आल्या. पंप गुरगुरला, बुडबुडे सुटले. दोघी टाकीसमोर पाटावर बसून राहिल्या. उन्हं कलली तसा मासा हळूहळू खाली उतरला. जाऊबाईंनी काचेला बोट लावलं मात्र, तो असा धावून आला की त्या मागे कलंडल्या. "अगं बाई! तुझ्यावरच गेलाय की हा!" जाऊबाई ओरडल्या, आणि घरमालकीणबाई हसल्या. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते चांगलं खणखणीत होतं.

पुढे माझी बदली लातूरला झाली. अधूनमधून मी फोन करतो. हल्ली तो जाऊबाईच उचलतात. "तुझा तो भाडेकरू हाय गं," असं ओरडून सांगतात, आणि मागून बाईंचा आवाज येतो, "त्यांना दाणे टाकलेस का दोनदा? पोट बघ केवढं झालंय!" "मी कुटं टाकले? तूच टाकलेस!" मग फोन तसाच कुठेतरी ठेवला जातो. मी बराच वेळ कानाला लावून बसतो. माझ्याशी कुणीच बोलत नाही, पण फोन ठेववत नाही.