गव्हाणच्या पतंगावरची बुरशी

पनवेल स्टेशनावर उतरले, तर धाकटी नणंद वैशाली न्यायला आलेली. मी नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि किड्यांच्या अंगात शिरून त्यांना मारणाऱ्या बुरश्या शोधत फिरते.

"वहिनी, किडे घरात आणायचे नाहीत हं," तिने रिक्षातच बजावलं.

सकाळी नवीन पनवेलहून बसने गव्हाण गाठलं. भाद्रपदाची उघडीप होती. गावामागच्या टेकडीवर मी ओणवी होऊन पानं उलटत होते आणि वैशाली चार हात दूर राहून मला डास चावू नयेत म्हणून उदबत्ती फिरवत होती. बऱ्याच वेळाने एका पानाखाली मेलेला पतंग दिसला. अंगातून बुरशीचे टाचणीएवढे पिवळे देठ उभे! असं मी कधी पाहिलं नव्हतं.

खाली टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या जनाकाकूंनी आम्हाला ओटीवर बोलावलं. फोटोसाठी मी डबी उघडून ठेवली. तेवढ्यात त्यांची कोंबडी आली आणि तिने एका चोचीत पतंग गट्ट केला.

"अगो बाय! कोंबरीनी खाल्लान! (कोंबडीने खाल्ला!)" काकू ओरडल्या. "मरंल काय ती?"

"नाही हो, ही बुरशी किड्यांनाच धरते," मी म्हणाले खरी, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकूंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुक्या बारीक कोलंबीची) चटणी पुढे केली. "आदी खा. रान कुठं पलून नाय जात."

जेवण होताच वैशालीच उठली. "चला वहिनी. एक होता, तर दुसराही असेल."

चढावर तिचा पाय घसरला आणि ती चिखलात बसली. हात द्यायला धावले, तर ती वर पाहत किंचाळली, "वहिनी, डोक्यावर!" पानाखाली तसेच दोन पतंग होते. मी डबी काढेपर्यंत किड्यांना भिणारी ही बाई ते पान हाताने घट्ट धरून होती.

नागपूरला सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुरशीचे बीजाणू तिच्या ओळखीच्या भाऊबंदांपेक्षा वेगळे निघाले. जनुकांच्या तपासणीनेही तेच सांगितलं. जात नवी होती! नावात मी गव्हाण घातलं. ते सांगायला वैशाली काकूंकडे गेली आणि तिथूनच फोन लावला.

"आमचे गावाचा नाव बुरशीला?" काकू खूप हसल्या. मग म्हणाल्या, "पन मना सांग, आमचे वांग्याची अली (अळी) मारंल काय ती?"

"माहीत नाही, काकू."

बुरशीचं घराणं लावलं, बारसं केलं. ती जगते कशी, हे मला अजून कळलेलंच नाही. खोटं कशाला सांगू, शोधायला अजून इतकं उरलंय याचा मला आनंदच झाला.